गुरुवारी पाहिलेली जागा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या स्टुडिओतलं पहिलं रेकॉर्डिंग थांबलं. गाणाऱ्या बाई भूपाच्या आरोहात होत्या. मागच्या भिंतीपलीकडे पत्रा कापणारा पॉवर प्रेस सुरू झाला. पहिला ठोका जमिनीतून आला. दुसऱ्या ठोक्याला बाईंच्या समोरच्या स्टँडवरचा कागद हलला. त्यानंतर ठोके थांबले नाहीत.

बाई सदाशिव पेठेत राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या संगीत शिक्षिका. शिष्यांना घरी सराव करता यावा म्हणून अलंकार आणि पलटे त्यांना स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून हवे होते. त्यांनी डोळे उघडले, माइककडे पाहिलं आणि विचारलं, "अहो, हा ठेका कोण धरतंय? तबलजी आपला आहे की शेजाऱ्यांचा?"

"शेजाऱ्यांचा," मी म्हणालो.

"मग त्यांना सांगा, मी विलंबित गातेय."

मी खोलीत तबल्यापाशी होतो; काचेच्या पलीकडे यंत्रांपाशी माझा मित्र बसला होता. स्टुडिओ आम्हा दोघांचा, पण कान त्याचे. त्याने रेकॉर्डिंग बंद केलं, हेडफोन टेबलावर ठेवला, आत येऊन मागच्या भिंतीला तळहात लावला आणि तसाच उभा राहिला. घटस्थापनेच्या दिवशी त्याने हिंजवडीतल्या कंपनीत राजीनामा दिला होता. नोटीस तीन महिन्यांची होती. संक्रांतीच्या आसपास ती संपणार होती आणि त्यानंतर या खोलीखेरीज त्याला दुसरं काम नव्हतं.

तोपर्यंत आम्ही दोघंही नोकरी सांभाळून रेकॉर्डिंग करत होतो. तो बँकांसाठी तयार होणारं सॉफ्टवेअर तपासायचा. दुसऱ्यांनी केलेल्या चुका ग्राहकाच्या हाती जाण्याआधी शोधायच्या, हे त्याचं काम. कंपनीची बस कोथरूडहून सकाळी निघे आणि वाहतुकीत अडकत हिंजवडीला पोचे. त्या वेळात तो आदल्या आठवड्याचं रेकॉर्डिंग ऐकत बसे. मी एका दैनिकात महापालिकेच्या बातम्या द्यायचो. लहानपणापासून तबला शिकलो होतो आणि साथीपुरता बरा वाजवत होतो. आमच्याकडे येणारेही सगळे नोकरदार होते. बासरी वाजवणारा बँकेत काउंटरवर बसे. सतार वाजवणारी मुलगी एका प्रयोगशाळेत रक्त तपासायची. रेकॉर्डिंगचा दिवस ठरला की हे लोक ऑफिसात पोट बिघडल्याचं कळवत. बासरीवाल्याचं पोट इतक्यांदा बिघडलं की त्याच्या साहेबांनी त्याला एका वैद्याचा पत्ता दिला.

हा दिवस गुरुवारचा असे. माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी होती. मित्राला आठवड्यातून एक दिवस घरून काम करण्याची मुभा होती. त्याने गुरुवार घेतला. पण मुख्य कारण विजेचं होतं. पुण्यात दुरुस्तीच्या कामांसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारी. बाकीच्या गावाला त्याचा त्रास होई, आम्हाला ती सोय होती. वीज गेली की सोसायटीतली लिफ्ट थांबे, पाण्याचा पंप थांबे, वरच्या मजल्यावरचं कपडे धुण्याचं यंत्र आणि खालच्या मजल्यावरचा मिक्सर थांबे. मित्राच्या झोपायच्या खोलीत आम्ही खिडकीला गादी उभी लावायचो, कपड्यांचं कपाट आवाज शोषण्यासाठी उघडं ठेवायचो आणि लॅपटॉपच्या बॅटरीवर काम करायचो. दुसऱ्या टेबलावर कंपनीचा लॅपटॉप चालू असे. तो झोपू नये म्हणून मित्र अधूनमधून त्याचा माउस हलवून येई. दुपारी वीज आली की पंपाचा आवाज सुरू होई आणि त्या आठवड्याचं संगीत संपे.

अशी काही वर्षं गेली. रेकॉर्डिंगं चांगली होत गेली. ऐकणारे विचारू लागले की हे कुठे केलं, आमचंही कराल का. झोपायच्या खोलीत अनोळखी माणसांना बोलावता येत नव्हतं. मित्राच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, त्याची जाहीर नोंद आधीच घेतली होती. त्या शाळेत गणित शिकवत. गुरुवारी शाळेतून आल्यावर त्या दारातच थांबून विचारायच्या, "माझ्या बेडरूममध्ये आज कुठला राग आहे? आत येऊ की समेवर येऊ?"

आम्ही जागा भाड्याने घ्यायचं ठरवलं. आधी मित्राने नोकरी सोडायची, स्टुडिओ उभा राहिला की वर्षभराने मी. कोणी आधी सोडायची यावर फार चर्चा झाली नाही. स्टुडिओ चालवण्याचं ज्ञान त्याला होतं. मला ताल कळत होता, यंत्रं कळत नव्हती.

जागा आम्ही गुरुवारी पाहायचो, कारण दोघं मोकळे तेव्हाच असायचो. शहरातल्या जागा परवडल्या नाहीत. शेवटी हिंजवडीच्या अलीकडे, जुन्या गावठाणाच्या कडेला एक गाळा मिळाला. मालक मूळ गावातले. त्यांच्या घराची शेती आयटी पार्कच्या रस्त्यांत आणि इमारतींत गेली होती. उरलेल्या पट्टीवर भावांनी पक्क्या छताचे गाळे बांधले होते. आमच्या एका बाजूला मांडववाल्याचं गोदाम होतं, दुसऱ्या बाजूला फरश्यांचं. मागच्या गाळ्याचं तोंड पलीकडच्या गल्लीत होतं. आम्ही वळसा घालून ते पाहून आलो. शटर बंद होतं.

"मागे काय आहे?" मित्राने मालकांना विचारलं.

"मागं भावाचा गाळा हाय. भाड्यानं दिलाय. चार पोरं हायेत कामाला. तरास काय न्हाय."

"आवाज वगैरे?"

"आता तुमी उभं हाय न्हवं हितं? येतोय का आवाज?"

येत नव्हता. मित्राने तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. त्याने माइक आणला, खोलीच्या मध्यभागी ठेवला, शटर ओढून घेतलं आणि रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग केलं. पुढच्या गुरुवारी पुन्हा केलं, त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा. त्यात दूरवरची रिक्षा होती, एकदा कावळा होता आणि बाकी काही नव्हतं. अशी शांतता पुण्यात राहिली आहे यावर त्याचा विश्वास बसेना. घरी त्याने ती रेकॉर्डिंगं वहिनींना ऐकवली. वहिनी म्हणाल्या, "यात काहीच ऐकू येत नाहीये." तो म्हणाला, "तेच तर."

त्या पट्ट्यातले लहान कारखाने गुरुवारी बंद असतात. वीज जाण्याचा वार म्हणून सुट्टीचाही वार तोच ठरला आहे. वीज गेली नाही तरी सुट्टी कायम. रविवारी तिथे काम चालतं. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. महापालिकेच्या बातम्या देताना मी स्वतः गुरुवारच्या वीजबंदच्या बातम्या दिल्या होत्या. त्या बातमीचा आणि या शांततेचा संबंध आमच्यापैकी कोणीही जोडला नाही. आमच्या दृष्टीने गुरुवार हा कामाचा वार होता.

सुताराने महिनाभर काम केलं. भिंतींना लाकडी चौकटी, चौकटींत ग्लासवूल, त्यावर कापड. मधे काचेची दुहेरी खिडकी. मित्र शनिवार-रविवारी कामावर देखरेख करायला जाई, पण तेव्हा सुताराचा कटर चालू असे. एकदा कटर थांबला असताना त्याला जमिनीतून काही तरी जाणवलं. त्याने सुताराला विचारलं. सुतार परप्रांतातला, त्याला गावची माहिती नव्हती. तो म्हणाला, "कुठे तरी बिल्डिंग होत असेल साहेब, इकडे सगळीकडे होते." ते खरं होतं. आजूबाजूला तीन बाजूंनी क्रेन दिसत होत्या. बांधकाम आज ना उद्या संपतं, असं म्हणून मित्राने विषय सोडला. त्यानंतर घटस्थापनेला त्याने राजीनामा दिला.

दसऱ्याला आम्ही माइकची आणि तबल्याची पूजा केली. वहिनींनी दाराला झेंडूचं तोरण लावलं. संध्याकाळी एक गृहस्थ हातात आपट्याची पानं घेऊन आले. कपाळाला गंध, नवा शर्ट. "सोनं घ्या," म्हणाले, "तुमचा मागचा शेजारी मी. तुमी म्हनं गान्याचं दुकान टाकलंय." मग आग्रह करून आम्हाला मागच्या गल्लीत घेऊन गेले. त्यांच्या गाळ्यात खंडेनवमीला पूजलेला पॉवर प्रेस उभा होता. माणसापेक्षा उंच, हिरव्या रंगाचा, चाकाला झेंडूची माळ, समोर फोडलेला नारळ. गाड्यांना लागणारे वॉशर त्यावर पडत, असं त्यांनी सांगितलं.

"याचा आवाज होत असेल," मी म्हणालो.

"प्रेस हाय साहेब. आवाज न करता पत्रा कापला जाईल का?" ते हसले आणि आमच्या हातावर पेढा ठेवला.

मित्र हसला नाही. तो वाकून प्रेसच्या पायाकडे पाहत होता. लोखंडी पाया चार बोल्टांनी सिमेंटच्या कोब्यात पक्का केलेला होता. तोच कोबा भिंतीखालून आमच्या गाळ्यात आला होता. दोन्ही गाळे एकाच वेळी बांधलेले होते. परत येताना तो एवढंच म्हणाला, "उद्या कळेल."

दुसऱ्या दिवशी कळलं. बाई तासभर थांबल्या. चहा झाला. ठोके चालू राहिले. जाताना त्यांनी तानपुरा वाजवणारा मोबाइल पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "जागा छान आहे. मी पुन्हा येईन. फक्त आपण मला वार कळवा."

पुढचे दोन महिने त्या ठोक्याशी झगडण्यात गेले. मित्र नोटीस काळात ऑफिसला जात होता आणि मिळेल त्या वेळी गाळ्यावर येत होता. ठोका खालच्या सुरांत होता. ते सूर कापणारं फिल्टर लावलं तर बाईंचा आवाज बराच स्वच्छ निघाला, पण माझा डग्गा पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वाजू लागला. शिवाय ठोक्याबरोबर पत्रा तुटल्याचा कोरडा आवाज येई, तो फिल्टरने जात नव्हता. भिंतीला आणखी एक थर दिला. फरक पडला नाही, कारण आवाज भिंतीतून कमी आणि जमिनीतून जास्त येत होता. जमीन वेगळी करायची तर खोलीच्या आत रबरावर उभी दुसरी खोली बांधावी लागणार होती. तेवढी ताकद आमची उरली नव्हती.

प्रेसवाले सज्जन होते. मित्राच्या सांगण्यावरून त्यांनी एक दिवस काम थांबवून प्रेसखाली रबराचे जाड तुकडे घातले. ठोका मऊ झाला. गेला नाही. ते स्वतः आमच्या खोलीत येऊन, हेडफोन लावून ऐकून गेले. बराच वेळ ऐकल्यावर म्हणाले, "मशीन आपलं चांगलं चाललंय हो. आतला आवाज एकदम साफ हाय." मग आमचे चेहरे पाहून त्यांनी तोडगा सुचवला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत प्रेस बंद असतो, तेवढ्यात गाऊन घ्यावं.

जागेच्या मालकांकडे गेलो. ते पारावर बसले होते.

"तुम्ही आम्हाला म्हणाला होतात, त्रास नाही," मित्र म्हणाला.

"मला कुटं तरास हाय?" मालक म्हणाले. "साहेब, तुमी चार वेळा येऊन बघून गेलात. माइक लावून बघितलंत. मी म्हनलो, शिकलेली मानसं हायेत, बघून घेत्यात."

"पण दर वेळी गुरुवार होता."

"मग गुरुवारी वाजवा की. मी कुटं न्हाय म्हनतोय?"

वहिनींच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याने सुचवलं की मी बातमीदार आहे, तर तक्रार का करत नाही. मी कागदपत्रं पाहिली. प्रेसवाल्यांचं काम आमच्या आधीपासून तिथे चालू होतं. गाळ्यांच्या त्या संपूर्ण रांगेला बांधकाम परवानगी नव्हती. तक्रार केली असती तर पहिली नोटीस आमच्याच शटरवर लागली असती. तक्रार केली नाही.

प्रेस संध्याकाळी आठपर्यंत चालायचा, रविवारीही. जाहिरातींना आवाज देणारे, लघुपट करणारे विद्यार्थी, भजनी मंडळं यांचे फोन येत. त्यांना दिवसाची वेळ हवी असे. मित्र त्यांना गुरुवार सांगे. आठवड्यातून एका दिवसावर स्टुडिओचं भाडंही निघणार नव्हतं, मग घर दूरच.

डिसेंबरात एका गुरुवारी दुपारी आम्ही तिघं मित्राच्या घरी जेवत होतो. नोटीस संपायला थोडे आठवडे उरले होते. त्याच्या साहेबांनी त्याला निरोप दिला होता की जागेवर नवा माणूस ठरलेला नाही, राजीनामा मागे घ्यायचा असेल तर आत्ताच सांग. घरावर कर्ज होतं. वहिनींचा पगार त्याच्या हप्त्याला पुरून बाकी काही उरत नव्हतं.

"भावजी," वहिनींनी मला विचारलं, "ती जागा तुम्ही दोघांनी नक्की किती वेळा पाहिलीत?"

"पुष्कळदा."

"सगळ्या वेळी गुरुवारीच?"

"हो."

त्यांनी मित्राच्या ताटात भात वाढला. "अरे, तुझ्या ऑफिसात एखादी गोष्ट एकाच वारी तपासून पास करतात का?"

"नाही करत."

"कोणी केली तर?"

"मीच परत पाठवतो," तो म्हणाला.

वहिनी हसल्या नाहीत. "मी तुला राजीनामा मागे घे म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "मग आयुष्यभर तो प्रेस माझ्या नावाने वाजेल. तू ठरव. पण ठरव."

त्याने भात कालवला. मग म्हणाला, "मी इतकी वर्षं रविवारची वाट बघत नाही, गुरुवारची बघतो. आता सगळे वार गुरुवार व्हावेत, एवढंच होतं."

"मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या.

जेवण झाल्यावर तो झोपायच्या खोलीत गेला. मीही गेलो. वीज गेलेली होती. त्याने लॅपटॉपवर गाळ्याच्या रिकाम्या खोलीची तिन्ही रेकॉर्डिंगं एकामागोमाग लावली आणि हेडफोनचा एक कान मला दिला. रिक्षा, कावळा, शांतता. ती ऐकून झाल्यावर त्याने कंपनीचा लॅपटॉप पुढे ओढला आणि राजीनामा मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. पत्र चार ओळींचं होतं. त्यात कारण दिलेलं नव्हतं. वीज आल्यावर ते गेलं.

उत्तर सोमवारी आलं. राजीनामा मागे घेतल्याचं मान्य झालं. मात्र त्याची जुनी टीम मोडली होती. त्याला नव्या कामावर घेतलं होतं आणि त्या टीमची साप्ताहिक बैठक गुरुवारी असे. त्या दिवशी सर्वांनी ऑफिसात हजर राहणं सक्तीचं होतं. घरून काम करण्याची मुभा मंगळवारी मिळणार होती. त्याने वार बदलून मागितला. साहेबांनी कारण विचारलं. त्याने घरगुती असं लिहिलं. वार बदलून मिळाला नाही.

गाळ्याचा करार वर्षाचा होता. मधेच सोडला तर अनामत परत मिळणार नव्हती. चालू ठेवायचा तर गुरुवारी खोली उघडणारा मीच होतो. मित्राने सलग तीन संध्याकाळी, प्रेस बंद झाल्यावर, मला यंत्रं शिकवली. कुठली कळ आधी, कुठली नंतर, आवाज कितीपर्यंत चढू द्यायचा, माइक तोंडापासून किती वीत लांब. बटणांवर त्याने रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. लाल पट्टीला हात लावायचा नाही, असं बजावलं. तबला मात्र आता कोण वाजवणार, हा प्रश्न त्याने विचारला आणि आम्ही तो तसाच सोडला.

संक्रांतीनंतरच्या गुरुवारी मी सकाळी शटर उघडलं. मागच्या गल्लीत जाऊन पाहिलं. प्रेसवाल्यांचं शटर बंद होतं. बाई दहा वाजता आल्या. हातात तिळगुळाची पुडी होती.

"आपले ते कानाचे मित्र कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"ऑफिसला."

"आणि तबला?"

"आज मी इकडे बसणार आहे. तबला नाही."

"बरं," बाई म्हणाल्या, "म्हणजे आज शेजाऱ्यांचाही नाही आणि आपलाही नाही." त्यांनी मोबाइलवर तानपुरा लावला.

त्यांनी भूपाचे दहा अलंकार गायले. एक पुन्हा घ्यावा लागला, कारण माझ्याकडून सुरुवातीची कळ दाबायची राहिली होती. दुपारी एकच्या आत काम संपलं. त्या वेळी मित्र हिंजवडीत बैठकीत होता. संध्याकाळी मी त्याला रेकॉर्डिंग पाठवलं. ते मिळाल्याचं त्याने बसमधून कळवलं.